नसांच्या डॉक्टरबाहेरचं बाकडं

डॉक्टरच्या दारात बसून वेळ जात नाही, असं लोक म्हणतात. आमचा तर पुरत नाही! वसमतला दर गुरुवारी नांदेडहून मेंदूचे आणि नसांचे डॉक्टर येतात. शेजारच्या खोलीत व्यायामाच्या मॅडम असतात. दोन्ही दारांच्या मधे एक लांब लाकडी बाकडं आहे. गेली दोन वर्षं आम्ही ठरलेली माणसं त्यावर बसतो. एकाचा हात हलतो, एकीला फिट येते, एकाची वाचा गेलेली. जुना किस्सा सांगून होत नाही तोवर नवा येऊन शेजारी बसतो.

मी चौथी शिकलेला माणूस. वारंगा फाट्यावर सायकली दुरुस्त करण्यात जन्म गेला. पण माझ्या आजारात अक्षर लिहिता लिहिता मुंगीएवढं होत जातं, म्हणून मॅडमनी रोज एक पान मोठ्या अक्षरात लिहायला लावलंय. मग म्हटलं, लिहायचंच आहे तर हेच लिहू.

*

पहिला किस्सा माझाच. मला कंपवात आहे. हातात पाना धरला की हात शांत असतो. मोकळा सोडला की अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत बसतात. कुणी म्हणेल, म्हातारा तंबाखू मळतोय.

एकदा एसटीत शेजारचा गडी वारंग्यापासून माझ्या हाताकडं बघत होता. अर्धा रस्ता सरला. शेवटी त्याला राहवेना. तळहात पुढं करून म्हणाला, "बाबा, कवाचं मळून राहिले! थोडी आमाला बी द्या की."

मी म्हटलं, "दादा, तंबाखू न्हाई. आजार हाय."

बिचाऱ्यानं झटकन हात मागं घेतला. दुसऱ्या हातात चुन्याची डबी उघडून तयार होती!

*

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला मारोतराव बसतात. तीस वर्षं त्यांनी मोंढ्यात हळदीचा लिलाव पुकारला. आवाज असा, की आत बोली चालू झाली की बाहेर गाडीचे बैल माना वळवायचे. मग लकवा मारला. हातपाय बरेचसे परत आले, शब्द आले नाहीत. कळतं सगळं. पण बोलायला गेले की एकच शब्द निघतो, "बराबर."

डॉक्टरांनी विचारलं, "नाव काय तुमचं?"

"बराबर."

"गाव कोणतं?"

"बराबर."

"आणि या कोण?" डॉक्टरांनी त्यांच्या बायकोकडं, कौसल्यावहिनींकडं बोट दाखवलं.

मारोतरावांनी वहिनींकडं बराच वेळ पाहिलं. ओठ हलले. कपाळावर घाम आला. मग मान खाली घालून म्हणाले, "बराबर."

बाहेर आल्यावर वहिनी माझ्याजवळ बसल्या. "मिस्तरी, चाळीस वर्षं या माणसानं मला निस्तं 'अगं, ऐकलं का' म्हणलं. तवा कधी काही वाटलं न्हाई. आता वाटतं, एकदा माझं नाव घ्यावं. बस, एकदा."

माझ्या आजारात मला लवकर बोलता येत नाही. माझं उत्तर तयार होईपर्यंत वहिनी औषधं आणायला निघून गेल्या होत्या!

*

आमच्या बाकड्यावरची शीला ब्लाऊज शिवते. तिला लहानपणापासून फिट येते. पोरगी तोंडाची फटकळ, पण माया फार.

माझे पाय कधीकधी दारात चिकटतात. मन म्हणतं चल, पाय म्हणतात न्हाई. जिना मात्र सरळ चढतो. मॅडमनी सांगितलं, पुढं काहीतरी ओलांडायला ठेवा, पाय उचलतो. शीलानं ते ऐकून ठेवलं.

एका गुरुवारी मी दारात अडकलो. शीला उठली आणि तिनं आपला पाय माझ्या पायापुढं आडवा घातला. "बाबा, ओलांडा!" मी ओलांडला, पुढचं पाऊल टाकलं. तिनं परत पाय घातला.

रांगेतल्या एका बाईनं हे पाहिलं. "अगं ए पोरी! लाज न्हाई का? म्हाताऱ्याला पाडून राहिली काय?"

शीला म्हणाली, "न्हाई मावशी, चालवून राहिले!"

*

मारोतरावांचा व्यायाम होता. ते कॉटवर पडलेले. मॅडम म्हणाल्या, "काका, उजवा पाय दहा वेळा वर. एक..."

"दोन!" कॉटवरून आवाज आला.

मॅडमच्या हातातला पट्टा खाली पडला. मारोतराव पुढं निघाले. तीन, चार, पाच! तीच लिलावाची चाल, तोच आवाज. प्रत्येक आकड्याला पाय वर. पलीकडून डॉक्टर पेशंट सोडून पळत आले. दहा झाले, वीस झाले.

"काका, बस!" मॅडम ओरडल्या. पण गाडी थांबेना. पस्तीस, छत्तीस! पाय लटलट कापायला लागला.

शेवटी वहिनी दारातूनच, मोंढ्यात बोली तोडतात तशा मोठ्यानं म्हणाल्या, "सुटला माल! उतरा खाली."

आकडे थांबले, पाय खाली आला.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. जे जन्मभर पाठ झालंय, चालीवर बसलंय, ते मेंदूत वेगळ्या रस्त्यानं येतं. नेहमीचा रस्ता बंद पडला तरी तो रस्ता उघडा राहू शकतो.

वहिनींनी विचारलं, "त्या रस्त्यानं माझं नाव कुठं लागतं का, साहेब?"

डॉक्टर मोठे हुशार. पण त्या दिवशी त्यांनी नुसता व्यायाम वाढवून लिहून दिला.

*

शीलाला दवाखान्याबाहेर, चहाच्या टपरीपाशी फिट आली. ती पडली तशी माणसं धावली, आणि प्रत्येकानं पायातली चप्पल काढली! एकजण म्हणाला नाकाला लावा, दुसरा म्हणाला तोंडात चमचा घाला.

कौसल्यावहिनींनी दोन्ही हात पसरले. "खबरदार! दातांत काही घालू नका. नाकाला बी काही लावायचं न्हाई." त्यांनी शीलाला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपली पिशवी सरकवली आणि मला म्हणाल्या, "मिस्तरी, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर डॉक्टरला हाक मारा."

मी घड्याळाकडं बघितलं. हात हलत होता, त्यामुळं घड्याळही हलत होतं. तरी दोन मिनिटं मोजली. फिट थांबली. हळूहळू शीलानं डोळे उघडले. अंग गळून गेलेलं. थोड्या वेळानं तिची नजर भोवतीच्या चपलांवरून फिरली.

"एवढ्या चपला," ती पुटपुटली, "आन् एक बी माझ्या मापाची न्हाई!"

*

आकडे आले, पण मारोतरावांना मधला आकडा सुटा उचलता येत नाही. एकपासून निघावं लागतं आणि जिथं पोचायचं तिथं थांबावं लागतं. "नातवंडं किती?" म्हटलं की एक, दोन, तीन, चार, आणि थांबतात. बराबर चारच!

केसपेपर काढणारी पोरगी नवीन होती. तिनं विचारलं, "आजोबा, वय?"

आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. मारोतरावांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. एक, दोन, तीन... विसाला रांगेतली माणसं वळली. तिसाला चार जण सोबत म्हणायला लागले. पन्नासाच्या पुढं अख्खा दवाखाना एका सुरात! एकसष्टला मारोतराव थांबले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरीनं लिहून घेतलं.

वहिनी म्हणाल्या, "त्रेसष्ट लिही बाई. दोन कमी केले यांनी!"

*

शीलाचं लग्न ठरलं. मुलाला तिनं फिटचं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. "गोळी कवा घ्यायची ते बी सांगितलं. आठवण करून देणं त्याचं काम," ती म्हणाली. आता बाकड्यावर बसून ती उखाणे पाठ करत होती. मधेच वहिनींना म्हणाली, "काकू, लग्नात दार अडवल्यावर काकांनी कोणता घेतला होता?"

वहिनी लाजल्या. "लई येड्यासारखा होता. 'वसमतच्या बाजारात हळदीची रास...'"

"मांडवातल्या पोरींनी दिला मला तरास!"

आम्ही सगळे वळलो. मारोतराव ताठ बसले होते, नजर समोरच्या भिंतीवर.

"सोडा आता दार, दुखून आले पाय, कौसल्येचं नाव घेतो, आणखी पाहिजे काय?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मारोतराव स्वतःच चकित होऊन आमच्याकडं बघत होते.

मॅडम धावत आल्या. "काका, आता नुसतं नाव. फक्त कौसल्या म्हणा."

मारोतरावांनी खूप जोर लावला. "बराबर," म्हणाले.

नाव शेवटच्या ओळीत आहे. तिथं जायचं तर वसमतच्या बाजारातूनच निघावं लागतं! आता चहा पाहिजे असला तरी पूर्ण उखाणा. चष्मा सापडेना तरी पूर्ण उखाणा. गल्लीतल्या बायांना तो पाठ झालाय.

*

आणि हा मागच्या गुरुवारचा. मारोतरावांच्या कोपराला पट्टी होती. शीलानं विचारलं, "काय झालं, काकू?"

वहिनी सांगायला लागल्या. सकाळी मारोतराव न्हाणीघरात पाय घसरून पडले. फार लागलं नव्हतं, पण उठता येईना. वहिनी चुलीपाशी होत्या. आतून धप्पकन आवाज आला आणि पाठोपाठ मोंढ्यातला पुकारा: "वसमतच्या बाजारात हळदीची रास!" वहिनी भाकर तव्यावर टाकून पळाल्या. दारापाशी पोचल्या आणि तिथंच थांबल्या.

"थांबलात?" शीला म्हणाली. "काहून? आतून कडी होती?"

"न्हाई. दार उघडंच होतं."

"मग?"

वहिनींनी मारोतरावांच्या पट्टीची गाठ नीट केली.

"तवा कुठं दुसरी ओळ चालू होती," त्या म्हणाल्या.