शेठजींचे मांडे

आमच्या संस्थेचं मुख्य ऑफिस सातासमुद्रापार आणि आमचं धुळ्यात, दोन खोल्यांचं. धरणात गाव गेलेल्या लोकांची एक वसाहत दोंडाईच्याजवळ आहे. तिथल्या बायकांच्या हाताला कायमचं काम मिळवून द्यायचं, ही माझी नोकरी. संस्थेने शेड दिली, मोठ्या चुली दिल्या. पुरणाचे मांडे करण्यात या बायका एकदम पटाईत. चुलीवरच्या उपड्या खापरावर हातभर मांडा असा अलगद टाकतात की बघत राहावं! पण विकत घेणार कोण? वर्षभर वणवण केली, तेव्हा कुठे दोंडाईच्याच्या एका मारवाडी शेठजींनी मुलीच्या साखरपुड्याची पहिली मोठी ऑर्डर दिली. संस्था यंदा इथलं काम आवरतं घेणार होती. ही ऑर्डर नीट गेली तर पुढच्या येतील, नाहीतर बायका पुन्हा लोकांच्या शेतात निंदायला.

नेमक्या साखरपुड्याच्या दिवशीच परदेशातल्या मॅडम दोन गाड्या भरून माणसं घेऊन पाहणीला आल्या. मी रस्त्यावर टेम्पोवाल्याशी फोनवर हुज्जत घालत होते. आत येऊन बघते तर काय, पंगत बसलेली! पाहुण्यांना एकटं जेवू घालत नाहीत, म्हणून वसाहतीतली म्हातारी माणसंही सोबतीला. गटाच्या प्रमुख अक्का स्वतः तूप वाढताहेत आणि टोपल्या निम्म्याहून रिकाम्या.

माझं डोकंच फिरलं. "अहो अक्का, शेठजींचे मांडे होते ना हे!"

"पाव्हनाले उपाशी धाडू का वं माय?" अक्कांनी मलाच झापलं.

नव्याने डाळ शिजवून पुरण वाटेपर्यंत साखरपुडा उरकला असता. शेठजींनी फोनवर माझी खरडपट्टी काढली, पुन्हा दारात येऊ नका म्हणाले. त्यांचं तरी काय चुकलं?

माझा चेहरा बघून मॅडमनी विचारलं, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. बिचाऱ्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी घाईघाईने पर्स उघडली, तशा अक्का भडकल्याच.

"गाव बुडनं तवपासून बठ्ठा आम्हले देतस. आज आम्ही दिधं. त्याना काय पैसा लेवाना?"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. गाव बुडाल्यापासून सगळे यांनाच देत आले, आज यांनी दिलं, त्याचे पैसे कसले घ्यायचे, हे त्यांना इंग्रजीत सांगायला गेले आणि मला रडूच फुटलं. त्यांनी पर्स मिटली आणि पुन्हा जेवायला बसल्या. अक्कांचा चेहरा इतका फुललेला मी कधीच पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का खुरपं घेऊन कांद्याच्या निंदणीला गेल्या.