इयरफोनला लावलेली चरबी

मेंढीशी बोलायचं असलं की जापारच्या जिभेवर साखर, आणि माणसाशी बोलायचं असलं की तोंडात मिठाची गुळणी. बिश्केकपलीकडच्या डोंगरांत, सुसामिरच्या कुरणांवर हे सगळ्यांना ठाऊक होतं. वसंतात एखादी मेंढी पोरकं कोकरू जवळ घेईना, लाथा झाडायला लागली, की लोक जापारला बोलवायला घोडा पिटाळत. तो यायचा, मेंढीशेजारी चिखलात फतकल मारून बसायचा आणि तिच्या कानाशी लागून हळूहळू बोलत राहायचा. "ये गं, घे गं, बघ किती गारठलंय लेकरू. तुझंच आहे, ये." शेवटी मेंढी वितळायची, कोकरू आचळाला लागायचं. मग हा गडी उठून पँट झटकायचा आणि चहाला थांब म्हटलं तरी न थांबता चालता व्हायचा.

त्याची बायको बुरुल म्हणायची, "मी मेंढी असते तर बरं झालं असतं. निदान तुमचे दोन शब्द तरी कानावर पडले असते."

ही बुरुल आता इस्तंबूलला होती. मुलगी बिश्केकला डॉक्टरकी शिकत होती, आणि ते शिक्षण नुसत्या लोकरीवर भागणारं नव्हतं. म्हणून बुरुल गेली आणि एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचं सगळं करायला लागली. इकडे तिची सासू कालबुबू आपा घोडीचं दूध घुसळता घुसळता कुरकुरायच्या, "माझी सून परक्या म्हातारीचे पाय चेपते. माझे पाय कोण चेपणार? घोडी?"

जापारचं कसं चाललंय, हे मात्र कुरणावर कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्याने काय सांगितलं असतं? पण माणूस वाळला. लोकर थापून केलेल्या नमद्याच्या घरात दाराशी बुरुलचे चामडी बूट तसेच ठेवलेले होते. अधूनमधून तो मेंढीच्या शेपटीची चरबी कढवायचा, बोटाने त्या बुटांना चोळायचा आणि परत जागेवर ठेवायचा. पावसात जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला तिथे चरबी लागतेच. खोगिराचे पट्टे, चाबूक, बूट, सगळ्याला. चरबी लावली की पाणी आत शिरायची बिशाद नाही. पण हे बूट पावसात जात नव्हते, कुठेच जात नव्हते. तरी तो लावायचा.

कुरणावर रेंज यायची ती एकाच टेकाडावर, फुटक्या खडकाच्या माथ्यापाशी. रविवारी दुपारी आसपासच्या सगळ्या तंबूंतली माणसं तिथे जमायची, कारण कोणाचा पोरगा मॉस्कोत, कोणाची लेक कोरियात. इस्तंबूलची म्हातारी जेवून झोपली की बुरुलचाही फोन यायचा. आणि जापारचा फोन म्हणजे काय विचारता! त्याच्यावर एकदा घोड्याने पाय दिला होता. तेव्हापासून कानाशी धरायची बाजू मुकी झाली आणि खालच्या बाजूने आवाज निघायचा तो साऱ्या टेकाडाला ऐकू जाईल असा.

"मेंढ्या?" बुरुल विचारायची.

"बऱ्या आहेत."

"आपा?"

"बऱ्या."

"आणि तुम्ही?"

"बरा."

की लगेच त्याची चुलतवहिनी सुयुन मागून ओरडायची, "बरा म्हणे! अगं बुरुल, भावजी कुत्र्याच्या गळ्यात गळा घालून बसतात गं! कुत्रंसुद्धा कंटाळलंय!" सगळं टेकाड हसायचं. जापारचे कान लाल व्हायचे आणि तो फोन तसाच आपाच्या हातात द्यायचा.

म्हणून बुरुलने इयरफोन धाडले. सुट्टीवर येणाऱ्या एका मुलीच्या हाती, रुमालात गुंडाळून. पांढरी गुळगुळीत डबी आणि तिच्यात बिनतारेचे दोन दाणे. त्यांच्या किमतीत चांगली गाभण मेंढी आली असती, असं ती मुलगी म्हणाली, तेव्हा आपांनी डोक्याला हात लावला. सुयुन म्हणाली, "भावजी, हे काय, बाळाचे दुधाचे दात कानात घातलेत?"

"जेंगे, तुझं काम कर," जापार म्हणाला. जेंगे म्हणजे वहिनी, आणि तिला इतकं लांबलचक उत्तर त्याने आयुष्यात पहिल्यांदाच दिलं असेल.

बुरुलने सगळं समजावून दिलं होतं. फोन खडकाच्या फटीत ठेवायचा, रेंजमध्ये. आपण मात्र खडकाच्या पलीकडे उतारावर जायचं. कोणी नाही, फक्त दोघं. "आणि पाण्याला जपा हं," ती म्हणाली, "महागाचे आहेत."

पहिल्या रविवारी जापार खडकाआड उकिडवा बसला आणि त्याला तिचा श्वास ऐकू आला. कपात चमचा फिरल्याचा आवाज आला. ती अगदी शेजारी बसून चहा ढवळतेय म्हणाना. त्याने वळून पाहिलं, तर गवत नुसतं. तो शेजारच्या गवतावरून हात फिरवत राहिला.

"अहो, आहात ना?"

"आहे." मग, "तुझ्या बुटांना चरबी लावली."

तिकडे चमचा थांबला. बुरुलने नाक ओढलं. "लावत जा," ती म्हणाली.

असे रविवार गेले. मग एकदा ती म्हणाली, "इथली माणसं म्हणतात, अजून एक वर्ष राहा. मला त्यांना उत्तर द्यायचंय. पोरीचं जमेल कसंबसं, ती म्हणते आई तू ये. पण तुम्ही काही बोलतच नाही. अहो, तुम्ही 'ये' म्हणा. मेंढीला म्हणता तसं, एकदाच. मी येते."

जापारने टोपी काढली, झटकली, परत घातली. "पुढच्या रविवारी सांगतो," तो म्हणाला.

आता म्हणा, एका अक्षराचा शब्द, त्याला आठवडा कशाला लागतो? पण ज्याला लागतो त्याला लागतो. आठवडाभर तो मेंढ्यांमागे फिरत "ये, ये" घोकत होता. मेंढ्या बिचाऱ्या प्रत्येक वेळी माना वर करून यायच्या आणि काहीच मिळत नाही म्हणून परत जायच्या. तेवढ्यात आभाळ फाटलं. पाऊस, मध्येच गारा, परत पाऊस. शनिवारी सगळं कुरण चिंब झालं, शेण्या भिजल्या, चूल धुमसायला लागली. आणि जापारला आठवलं, पाण्याला जपा.

त्याने चरबी कढवली. डबी उघडली आणि एकेक दाणा हातात घेऊन बोटाने चोळायला बसला. वरून, खालून, जाळीच्या बारीक भोकांतसुद्धा नीट जिरवली. बायकोच्या वस्तूला कोणी आळस करतं का?

"अजून थोडी लाव," आपा म्हणाल्या. "पाऊस मोठा आहे."

त्याने अजून थोडी लावली.

हसायचं तर हसा. पण त्या रात्री त्याच्याइतका निर्धास्त माणूस सुसामिरमध्ये नव्हता.

रविवारी पाऊस तसाच होता. लोक खडकाशी एका ताडपत्रीखाली दाटीवाटीने उभे होते. आपाही घोड्यावरून आल्या होत्या. जापारने फोन पिशवीत गुंडाळून फटीत खोचला, नमद्याची टोपी कानांपर्यंत ओढली आणि पलीकडे उतरला. फोन वाजला तसा त्याने कानातला दाणा दाबला.

काही नाही. दहा गोधड्यांखालून कोणीतरी बोलतंय, एवढंच. त्याने दाणा काढून शर्टाला पुसला, फुंकला, काडीने टोकरला. परत घातला. आता तेवढंही नाही. पाणी आत गेलं नव्हतं खरं. आवाज बाहेर येत नव्हता. आपण काय करून बसलो ते त्याला तिथे, उतारावर, चिखलात कळलं, आणि तो दाणे डबीत बंद करून धडपडत वर पळाला.

खडकातून फोन सगळ्यांदेखत ओरडत होता, "अहो! ऐकताय ना? अहो!"

"ऐकतोय," जापार धापा टाकत म्हणाला. "ते कानातलं गेलं. मी चरबी लावली."

"काय लावलं?"

"चरबी. पावसाची."

ताडपत्रीखाली कोणीतरी फिसकन हसलं. तिकडे बुरुल हसली नाही. "म्हणजे सगळे आहेत तिथे," ती म्हणाली. "मग राहू द्या. सांगू नका काही."

जापार उभाच. टोपीवरून पाणी गळत होतं. समोर आई, वहिनी, गावची पोक्त माणसं. अशा वेळी पुरुषाने बायकोला काय म्हणायचं? मेंढ्या बऱ्या आहेत, एवढंच. तो तेच म्हणणार होता. तोंड उघडलंही होतं.

"कान झाका रे सगळ्यांनी!" सुयुन एकदम कडाडली. "बघता काय तोंडाकडे? पाठ फिरवा! आपा, तुम्हीसुद्धा. बोटं घाला कानात, नाहीतर मी येऊन घालते!"

काय सांगावं, ती सगळी माणसं ताडपत्रीबाहेर आली आणि पाठ फिरवून पावसात उभी राहिली. कोणी टोपी खाली ओढली, कोणी बोटं घातली. कालबुबू आपांनी दोन्ही तळवे कानांवर दाबले आणि डोळेही मिटून घेतले.

जापार गुडघ्यांवर बसला. खडकाच्या फटीशी तोंड नेलं, मेंढीच्या कानाशी नेतो तसं.

"ये गं," तो म्हणाला. "ये. करमत नाही मला. मी बरा नाही. ये."

फोनमधून बराच वेळ फक्त रडणं आलं.

"काल विचारलं हो त्यांनी," बुरुल म्हणाली. "मी हो म्हटलं. वाटलं, तुम्ही काही म्हणणार नाही. आता शब्द दिलाय. म्हातारीला टाकून कशी येऊ?"

जापारने कपाळ खडकाला टेकवलं.

"आता पुढच्या उन्हाळ्यातच," ती म्हणाली. आणि मग, "जापार."

लग्न झाल्यापासून तिने त्याचं नाव घेतलं नव्हतं. सासूच्या समोर तर कोणतीच सून घेत नाही.

"परत म्हणा," ती म्हणाली.

"ये."

"परत."

"ये गं. बघ किती गारठलंय सगळं. तुझंच आहे. ये."

"अजून एकदा."

"ये."

पलीकडून उत्तर आलं नाही. ढग खडकावर उतरले होते आणि रेंज गेली होती. फोनचा पडदा काळा झाला होता. जापारने तो पाहिला, पण उठला नाही. तसाच फटीला तोंड लावून बोलत राहिला. त्याच्या मागे आई, सुयुन जेंगे आणि सगळी मंडळी पाठ फिरवून, कानांत बोटं घालून भिजत होती. फोन कधीच कट झाला होता हे त्यांना कळायला मार्ग नव्हता, आणि जापारनेही त्यांना सांगितलं नाही.