‘गाव सोडले’चं बटण

मी घरी बसून सॉफ्टवेअर लिहिते. शेणव्याजवळच्या आमच्या गावात हे काम मानलं जात नाही. ‘सून दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसते’ एवढीच माझी ख्याती सासूबाईंनी शेजारीपाजारी करून ठेवली आहे. तरी एका छोट्या संस्थेने गरोदर बायकांची नोंद ठेवणारं ॲप मागितलं, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, "असं बांधून देते की पुढे काहीही आलं तरी मोडतोड करावी लागणार नाही."

आणि बांधलंही तसंच. नवी तपासणी आली की नवा रकाना जोडा. नवा आजार आला की यादीत एक ओळ वाढवा. प्रत्येक भाग सुटा, एकाला हात लावला तर दुसऱ्याला धक्का नाही. जिला धोका, तिच्या नावापुढे लाल ठिपका. मग गावच्या आशा सेविकेच्या, म्हणजे आशाताईच्या फोनवर रोज आठवण आणि त्या बाईच्याही फोनवर मेसेज. एकच गोष्ट मी पक्की ठोकून टाकली होती. बाई एका गावाची, आणि गाव एका आशाताईचं. गाव काय बदलणार, असं मला वाटलं.

एके दिवशी सकाळी मी भाकऱ्या थापत असताना आमच्या आशाताईंचा फोन आला.

"वयनी, माझी एक पोर यादीत दिसत नाय. रगत कमी हाय म्हून लाल ठिपका होता, ती. नववा लागलाय तिला."

"गेली कुठे?"

"म्हायेराला. पहिलटकरीण ना! तवा मी ‘गाव सोडले’ दाबला. तुमीच शिकवला होता."

तव्यावरची भाकरी तशीच टाकून मी लॅपटॉप उघडला. ‘गाव सोडले’ दाबलं की नोंद बंद. नोंद बंद की आठवण बंद, मेसेज बंद, ठिपका गायब. सगळं माझ्याच हातचं, आणि लिहिताना मला ते फार नीटनेटकं वाटलं होतं. नव्या गावच्या आशाताईला ती आपोआप दिसावी अशी सोयच नव्हती. तीन आठवडे ती पोर कुणाच्याच यादीत नव्हती.

मला स्वतःचाच संताप आला. माझं पहिलं बाळंतपण मुरबाडला, माहेरीच झालं. माझ्या आईचं तिच्या आईकडे. सातव्यात डोहाळजेवण करायचं आणि पोरीला माहेरी धाडायचं, हे आमच्याकडे कुणी शिकवावं लागत नाही. पण ॲप लिहायला बसले आणि मला त्याचा पार विसर पडला. जे क्वचित बदलतं तिथे मी ऐसपैस जागा ठेवली, आणि घरोघरी जे बदलतं त्यालाच खिळे मारले. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच.

बंद नोंदी चाळल्या तर आणखी चार लाल ठिपके असेच गायब झालेले निघाले. त्या चौघींना फोन लागले, त्या बऱ्या होत्या. हिचा लागेना. नवऱ्याचाही बंद.

"वाडी कुठली तिची?" मी आशाताईंना विचारलं.

"नाव नाय ठावं. सिद्धगडाच्या पायथ्याला, जंगलाच्या कडेला, आसा बोलली होती."

मी दिराला गाडी काढायला लावली, आशाताईंना सोबत घेतलं. वाटभर कोडच्या त्या चार ओळी मी मनातल्या मनात पुन्हा पुन्हा दुरुस्त करत होते, आणि त्याचा आता कुणाला काडीचाही उपयोग नव्हता. दिसेल त्या वाडीत उतरून विचारायचं, शेणव्याकडे दिलेली पोर इथे आलीय का? दोन वाड्यांत नाही म्हणाले.

तिसरीत ती सापडली. ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरेफटक, पाय सुजलेले, पहाटेपासून कळा. आत तिची आई पाणी तापवत होती. आम्ही तिला तशीच उचलून गाडीत घातली. दवाखान्यात रक्त चढवलं, दुपारी मुलगी झाली. दोघी वाचल्या.

पुढे मी ॲपचा तो भाग मुळापासून बदलला. बाई वेगळी, ती आज कुठे आहे ते वेगळं, तिच्यावर लक्ष कुणाचं ते वेगळं. नव्या गावची ताई ‘भेटले’ म्हणत नाही तोवर ती जुन्या ताईच्या यादीतून हलत नाही. संस्थेने कौतुक केलं. मला ते गोड लागलं नाही.

कारण त्या दुपारी दवाखान्याच्या बाकावर पोरीची आई माझ्या शेजारी बसली होती. म्हणाली, "सासरी व्हती तवा तुमची मानसा सारखी यायची. धोका हाय, धोका हाय. मोबायलवर पन तेच. हितं आली नि कोन आला नाय, मेसेजपन नाय. मंग आमाला वाटला, पोर बरी झाली."

मी तिला पाणी दिलं.

"तुमी आलात म्हून माझी पोर वाचली गो बाय," म्हणत तिने माझे दोन्ही हात धरले. मेसेज बंद करणारी मीच, हे मी तिला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.