दारातून ओळखता न आलेलं अंडं

पाळणाघराच्या मधल्या खोलीत, खिडकीखाली, भातुकलीचा कोपरा आहे. गुडघ्याएवढी लाकडी शेगडी, पाणी न येणारा नळ, दोन बुटकी स्टुलं. या शेगडीवर काय शिजायचं हे गेली नऊ वर्षं एकच बाई ठरवते. वय एकसष्ट, उंची बेताची, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. तिला सगळे माई म्हणतात. मुलं म्हणतात, त्यांचे आईबाप म्हणतात आणि तिच्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या संचालक मॅडमही म्हणतात.

माई आधी खेळण्यांच्या कारखान्यात होती. रंगाच्या विभागात, अकरा वर्षं. साच्यातून निघालेल्या पिवळ्या केळ्याच्या दोन्ही टोकांना तपकिरी रंगाचा एकेक हात द्यायचा, हे तिचं काम. दिवसाला आठशे केळी. "तपकिरी जास्त झाला की केळं सडकं दिसतं, कमी पडला की साबणाची वडी," असं ती सांगते. त्या कामानं तिला पाठदुखी दिली आणि नजर दिली. कारखाना बंद पडल्यावर दोन्ही घेऊन ती इथे आली.

नवी खेळणी आली की खोकं आधी तिच्यापुढे उघडतं. तिच्याकडे पुठ्ठ्याची एक नळी आहे. त्या नळीतून जे आरपार जातं ते लहान मुलाच्या घशातही जाईल, म्हणून बाद. नखानं खरवडल्यावर रंग निघाला तर बाद. गरम साबणाच्या पाण्यात चिकट झालं तर बाद. फळाचा वास मारलेलं बाद, कारण वास आला की मूल चाटतं. एवढ्यातून जे उरेल त्याला शेवटची अट तिची स्वतःची होती: वस्तू खऱ्यासारखी दिसली पाहिजे. जांभळं गाजर, हसणारा बटाटा तिला खपत नसे. "बटाट्याला डोळे असतात मॅडम, पण असे नाही," असं म्हणून तिनं एक अख्खा संच परत पाठवला होता.

मग तीन दुकानं फिरून तिनं स्वतः एक संच आणला. त्यात पावाचे काप होते, खालच्या बाजूला किंचित करपलेले. उकडलेलं अंडं होतं, मधोमध कापलेलं, आणि त्याचा बलक एका बाजूला सरकलेला होता. "बलक कधी बरोबर मध्ये नसतो," ती म्हणाली, "हे ज्यानं केलंय त्यानं अंडं नीट बघितलंय." ताटल्याही खेळण्यातल्या नकोत म्हणून तिनं स्वयंपाकघरातल्या सहा जुन्या ताटल्या मागून घेतल्या. एकदा आचारी कोपऱ्यापाशी आला आणि त्या अंड्यावर मीठ भुरभुरू लागला. खोलीत हशा पिकला. माईला ती शाबासकी वाटली.

कोपऱ्याचा नियम एकच होता. इथलं काहीही तोंडात घालायचं नाही. ओठांपर्यंत न्यायचं, "हम्म" म्हणायचं, ताटलीत परत ठेवायचं. या नियमालाही कारण होतं. दोन वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात चौदा मुलांना जुलाब झाले होते आणि संशयाचं बोट भातुकलीकडे गेलं होतं. तेव्हापासून माईनं हा नियम मुलांच्या अंगी बाणवला. "हम्म" म्हणायला ती मुलांबरोबर स्वतः बसे.

गब्बू आली तेव्हा पावणेतीन वर्षांची होती. जन्मली तेव्हा गुबगुबीत होती म्हणून आजोबांनी हे नाव ठेवलेलं. पुढे नाव राहिलं, गाल गेले. आई तिकीट खिडकीवर काम करायची, सकाळी सातला लेकीला सोडायची आणि संध्याकाळी सहाला न्यायची. पोर अतिशय गुणी. दुसरी मुलं नियम शिकायला महिना घेत, ही चार दिवसांत शिकली. माई इतर मुलांना सांगू लागली, "बघा, गब्बूसारखं करा."

सहाव्या आठवड्यात गब्बूची आई कामावर न जाता सकाळी नऊला परत आली. हातात दवाखान्याचा कागद होता. मॅडमच्या खोलीत ती बसलीच नाही.

"हिचं वजन नऊशे ग्रॅमनं उतरलंय. घरी ही जेवत नाही. घास ओठापाशी नेते, कसलासा आवाज काढते आणि ठेवून देते. वर म्हणते, झालं."

मॅडमनी वही उघडली. "आमच्याकडे तर रोज पूर्ण जेवलेली आहे. हे बघा."

"वहीत जेवली असेल, पोटात नाही."

"ताई, ताटली रिकामी येते, त्यावरूनच आम्ही लिहितो."

"मग ताटलीचं वजन करा! डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे वाट बघू. आणखी घसरलं तर भरती करून नाकातून नळी घालावी लागेल. पावणेतीन वर्षांच्या पोरीला. तुमच्या वहीत ते कुठे लिहिणार आहात?"

माई दारात उभी होती. "कसलासा आवाज" हे शब्द ऐकले तेव्हा तिनं चौकट धरली.

त्या दिवशी जेवणाच्या वेळी ती मुलांमध्ये बसली नाही. दारातून बघत राहिली. आठ मुलं, आठ ताटल्या, प्रत्येकीत पाव, उकडलेला बटाटा आणि अर्धं अंडं. गब्बूनं अंडं उचललं, ओठांपर्यंत नेलं, "हम्म" म्हणाली आणि ताटलीत नीट ठेवलं. मग पाव. मग बटाटा. सगळं झाल्यावर हात मांडीवर ठेवून तिनं आजूबाजूला बघितलं, कोणीतरी शाबास म्हणेल म्हणून. शेजारी बसणाऱ्या दांडग्या मुलीला सगळे भीमी म्हणत. तिनं स्वतःची ताटली संपवली, गब्बूची पुढे ओढली आणि तीही साफ केली.

मुलं झोपल्यावर माईनं कोपऱ्यातलं अंडं आणि स्वयंपाकघरातलं अंडं एकाच तऱ्हेच्या दोन ताटल्यांत ठेवलं. खोलीतल्या मदतनीस पोरीला म्हणाली, "मी पाठ करते. तू हव्या तशा बदल." मग दारात जाऊन वळून बघितलं. अकरा वर्षं रंग दिलेल्या तिच्या डोळ्यांना खरं कुठलं ते सांगता आलं नाही.

मॅडमना तिनं सगळं सांगितलं. मॅडमनी उठून दार लोटलं.

"माई, हे आपल्यातच ठेवू. दुरुस्त करू, पण बोलायला नको. ती बाई आधीच पेटलीय. उद्या तक्रार केली तर पाळणाघराला टाळं लागेल."

"लागेल की नाही माहीत नाही. पण घरी ती पोरीला रागावत असेल, मॅडम. पोर आपलं ऐकते म्हणून तिथे बोलणी खाते."

संध्याकाळी सहाला माईनं गब्बूचे बूट बांधता बांधता तिच्या आईला सांगितलं. नियम, ताटल्या, अंडं, सगळं. गोड करून सांगितलं नाही.

"म्हणजे तुम्हीच शिकवलंत."

"हो."

"आणि मी तिला दोनदा मारलं."

 माई दुसऱ्या बुटाची गाठ मारत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तो संच स्वतः खोक्यात भरला. ताटल्या स्वयंपाकघरात गेल्या. कोपऱ्यात निळ्या कापडाच्या घड्या आणि लाकडाचे ठोकळे आले, न रंगवलेले. भीमीला दुसऱ्या टोकाला बसवलं. आणि जेवताना माई गब्बूसमोर तिच्याएवढ्याच स्टुलावर बसली, तिच्यासारखीच ताटली घेऊन. अंडं उचललं आणि सरळ चावा घेतला.

गब्बू हबकली. "माई, छी! तोंडात नाही!"

"हे घालायचं. हे खरं आहे."

गब्बूचा विश्वास बसला नाही. कसा बसावा? ज्या तोंडानं नियम सांगितला तेच तोंड आता तो मोडत होतं. पहिले तीन दिवस ती माईला रागावत राहिली. दूध तेवढं कपातून जात होतं, कारण भातुकलीत दूध नव्हतं. चौथ्या दिवशी तिनं माईच्या ताटलीतलं उष्टं अंडं जवळ ओढलं. त्यावर दातांची अर्धगोल खूण होती. कोपऱ्यातल्या अंड्यावर अशी खूण तिनं कधी पाहिली नव्हती. तिनं खुणेत बोट घातलं. बोटाला बलक लागला. तिनं बोटाकडे बघितलं, माईकडे बघितलं आणि बोट तोंडात घातलं.

 माई शाबास म्हणाली नाही. शाबासकीनं काय होतं ते तिला कळलं होतं.

पुढचे दहा दिवस माई प्रत्येक घासावर आधी दातांची खूण करून ठेवत होती. मॅडमनी स्वच्छतेचा मुद्दा काढला, तेव्हा म्हणाली, "मॅडम, लिहा माझ्या नावावर." चौदाव्या दिवशी वजन झालं. दोनशे ग्रॅम वाढलं होतं. नळी टळली.

आईनं आभार मानले नाहीत आणि तक्रारही केली नाही. तिनं एवढंच सांगितलं की महिनाअखेर ती लेकीला घराजवळच्या दुसऱ्या पाळणाघरात घालणार आहे. मॅडमनी समजूत घालायचा प्रयत्न केला. माईनं केला नाही. "तिच्या जागी मी असते तर महिनाअखेरपर्यंतही थांबले नसते," ती म्हणाली.

शेवटच्या दिवशी आई थोडी लवकर आली. कोपऱ्यात गब्बू शेगडीवर एक लाकडी ठोकळा परतत होती. निळ्या कापडावर ठेवून तिनं तो माईपुढे केला. दोन वर्षांची सवय, माईचा हात आपोआप ओठांकडे गेला.

गब्बूनं मनगट धरलं. "हे खोटं आहे, माई. खाऊ नको."

दारात आई उभी होती. आत येऊन तिनं बूट शोधले आणि या वेळी ते स्वतः बांधले. मग उभं राहताना विचारलं, "आज काय खाल्लं हिनं?"

"अर्धं अंडं, सगळा बटाटा. पावाच्या कडा सोडल्या."

"घरीही सोडते," आई म्हणाली आणि लेकीला कडेवर घेऊन निघाली.