सगळं ठाऊक असलेले साडू

पेणपासून रोह्यापर्यंत ज्याच्या घरी पाण्याचा पंप आहे, त्याने माझ्या मोठ्या साडूंचा ओरडा खाल्लेला नाही, असं होणंच शक्य नाही. पेणला त्यांचं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान. बेअरिंग बिस्किटांच्या डब्यात, वॉशर जुन्या कुकरमध्ये, आणि कशावरही चिठ्ठी नाही. कामगारांनी विचारलं तर म्हणायचे, "सगळं तुम्हाला सांगून ठेवलं तर माझं काय काम?" वडखळला पुतणीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत दुकानातून फोन आला. अक्षता मुठीत धरून हे ओरडले, "डावीकडं नाय रे, झाडूच्या मागं!" भटजीसुद्धा डावीकडे बघायला लागले.

मग ते न्हाणीत पडले, खुबा मोडला. दुकान सुनेने उघडलं, पण माल असून सापडेना. गिऱ्हाईकं परत जाऊ लागली. डोलवीच्या कारखान्यात कामं घेणारा जुना ठेकेदार तासभर उभा राहून दुसऱ्या दुकानात गेला, तो गेलाच. त्या दिवशी सून लॅपटॉप घेऊन हॉस्पिटलात आली. मी डबा घेऊन तिथेच होतो.

"बाबा, काय कुठं ठेवलंय ते सांगा."

"अगो, दुकान माझ्या डोक्यात हाय."

"डोकं हॉस्पिटलात हाय, आणि गिऱ्हाईक दुकानात!"

साडूंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग सांगू लागले. रोज थोडं थोडं सांगत सगळं डोकं रिकामं केलं. सुनेने ते कॉम्प्युटरवर चढवलं, खणांना नंबर दिले. आता नवा पोरगासुद्धा बटण दाबून वस्तू काढून देतो. ठेकेदार परत आला. रोह्यालाही दुसरं दुकान निघालं, आणि तेही जोरात चाललंय.

साडू बरे होऊन गादीवर बसले, पण कोणी काही विचारेना. एकदा त्यांनी मुद्दाम एक खोकं लपवलं. सुनेने हसत नवीन मागवलं.

माझी मेव्हणी जाऊन बरीच वर्षं झाली. हल्ली साडू दुपारच्या एसटीने रोह्याला येतात, नवीन दुकानात जरा वेळ उभे राहतात आणि मग आमच्याकडे येतात. परवाही आले.

"तुमचा पंप बरा हाय ना?"

"उत्तम चाललाय," मी बोलून गेलो.

"चांगलं हाय," म्हणत ते उठले, दारात चपला घालू लागले. तेवढ्यात आतून बायको आली.

"भाऊजी, जेवलात का?"

ते थबकले. जणू असा प्रश्न असतो हेच विसरले होते.

"नाय गो," म्हणाले, आणि चपला काढायला हळूच पुन्हा वाकले.