हरभऱ्यातले झिंगे

आमच्या सत्यभामा आत्याबद्दल शहरात एक अफवा आहे. क्रांती चौकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून, तलावाचं तोंडसुद्धा न बघता, तिनं वाकीच्या तलावातले सगळे झिंगे मोजले आणि वर शाल-नारळ घेतला. अफवेचा उगम खुद्द दुकानदार हनीफभाई. काउंटरवर कोपर टेकवून, एक डोळा बारीक करून ते सांगतात, "मैं देखा ना. मॅडम इधरइच बैठ के चिठ्ठियां डाल रे थे. मेरे हाथ से निकलवाए. मैं पूछा लॉटरी है क्या. बोले, नै, झिंगे हैं."

हनीफभाई खोटं बोलत नाहीत. चिठ्ठ्या होत्या आणि त्यांच्याच हातानं उचलल्या होत्या. पण अफवा चूक आहे. आत्या तलावावर गेली होती. थंडीभर गेली, नाकाचं साल निघेपर्यंत गेली, पहिल्या दिवशी होडीत उलटीसुद्धा केली. घरबसल्या आकडा ठोकला असता तर ती नुसती कामचुकार ठरली असती. खरं घडलं त्याची लाज वेगळी आहे.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आमच्याच घरात राहते आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे कॉलेज दर जूनला तिला नव्यानं ओळखतं. तिचे आवाज दोन. घरातला आवाज बसका, मराठवाड्यातला, "नाय ग, ठिव तिथं" असा. वर्गातला आवाज अर्धा सूर वर, "बरं का मंडळी"नं सुरू होणारा, आणि अडचण आली की "ॲक्च्युअली"च्या मागं जाऊन उभा राहणारा. घरात कुणालाही मी हे दोन्ही आवाज काढून दाखवते. आई हसून पोळी करपवते.

वाकीचा तलाव सिल्लोडच्या अलीकडं. तिथल्या मच्छीमार संस्थेच्या अध्यक्ष लीलाबाई. कोकणात ज्याला कोळंबी म्हणून मान आहे ते आमच्याकडं साधे झिंगे, आणि वाकीच्या घरांची चूल उन्हाळ्यात त्यांच्यावरच चालते. दोन वर्षं झिंगे कमी निघत होते. लीलाबाईंचं म्हणणं असं की निम्मे काढावेत आणि निम्मे पावसाळ्यात पिलं घालायला ठेवावेत. पण निम्मे म्हणजे किती, हे कळायला आधी पूर्ण किती ते कळायला पाहिजे. म्हणून त्यांनी आत्याला बोलावलं.

तलावातले झिंगे एकेक करून मोजता येत नाहीत, हे उघड आहे. आत्यानं तलावाचे खोलीप्रमाणं तीन पट्टे पाडले: काठचा उथळ, मधला, आणि भिंतीकडचा खोल. उथळ पाण्यात झिंग्यांची नुसती दाटी असते आणि खोलात ते तुरळक, त्यामुळं सगळ्याची एकच सरासरी काढली तर ती कुठंच लागू पडत नाही. नकाशावर प्रत्येक पट्ट्यात चौकटी आखल्या, त्यांना नंबर दिले, आणि कुठल्या चौकटीत जाळं ओढायचं ते चिठ्ठ्यांवर सोडलं. "आपण निवडलं की हात सोयीच्या जागेवरच पडतो," असं ती म्हणायची. म्हणून हनीफभाईंचा हात. मग संस्थेतल्या सांडूमामांची मोटारहोडी, तिच्यामागं बारीक जाळं, ठरलेलं अंतर ओढायचं, वर घ्यायचं, निघालेले झिंगे तोलायचे. एवढ्या जागेत इतके, तर हेक्टरला किती. त्याला पट्ट्याच्या हेक्टरांनी गुणायचं, आणि तिन्ही पट्ट्यांची बेरीज करायची.

बेरीज आली अकरा टन.

संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये सत्कार झाला. लीलाबाई माइक हातात धरत नाहीत, तो समोर असला तरी त्याच्या डोक्यावरून बोलतात. "आमी जलमभर पाण्यात हात घालून अंदाज केला. या पोरीनं पाणी काट्यावर ठिवलं. आता ठरलं. साडेपाच टन आपलं, साडेपाच पिलांचं. रविवारच्या मीटिंगला जाळी वाटू, सोमवारी पाण्यात." टाळ्या. आत्या वर्गातल्या आवाजात आभार मानत होती. ती शाल घरी आल्यावर तीन वेळा घडी मोडून परत घालण्यात आली.

फेब्रुवारीच्या त्याच आठवड्यात सिल्लोडला एक लग्न होतं. येताना बाबांनी गाडी तलावाच्या शेपटाकडच्या रस्त्यानं घेतली, कारण तिथं हरभऱ्याचे ताजे डहाळे मिळतात. रस्त्याला लागून हिरवागार हरभरा होता. एक बाई उपटून पेंढ्या बांधत होत्या. आत्या उतरली, दोन घाटे सोलून तोंडात टाकले आणि म्हणाली, "लई गोड आहे हो."

"गाळातला हाय ना," बाई म्हणाल्या. "पाणी हटलं की आमी पेरतो."

"कधी हटलं पाणी?"

"दिवाळीच्या आदीच. औंदा पाऊस कुटं झाला धड?"

आत्याचं चावणं थांबलं. तिनं मोबाइल काढला, तिचा तो चौकटींचा नकाशा उघडला. आपण उभे आहोत तिथं नकाशावर निळा ठिपका येतो ना, तो आला. ठिपका पाण्यात होता, उथळ पट्ट्याच्या मधोमध.

"दादा," ती बाबांना म्हणाली, घरातल्या आवाजाच्याही खालच्या आवाजात, "मी इथले झिंगे धरलेत."

"कुठले?"

"या हरभऱ्यातले."

नकाशा काठोकाठ भरलेल्या तलावाचा होता. उथळ पट्ट्याचे हेक्टर तिनं त्यावरूनच घेतले. पण त्या पट्ट्याचा मोठा तुकडा दिवाळीपासून कोरडा होता, आणि त्यात झिंग्यांऐवजी घाटे लागले होते. जाळ्यातलं वजन बरोबर, हेक्टरी सरासरी बरोबर, गुणलं मात्र जमिनीनं. आणि सगळ्यांत जास्त झिंगे नेमके उथळातच.

घरी येऊन तिनं हिशेब पुन्हा केला. साडेसहा टन. त्यातले साडेपाच काढले तर पिलं घालायला एक टन उरणार, म्हणजे पुढच्या वर्षी वाकीला जाळं धुवायलाच पाण्यात जावं लागलं असतं.

बाबांनी समजावलं. "भामे, पाण्याखालचं कुणाला दिसतंय? पुढच्या वर्षी कमी निघाले तर पाऊस कमी होता म्हणायचं. झिंगे काय तक्रार करायला येणारेत व्हय? शेजारच्या दोन संस्था तुलाच बोलावणार म्हणतात. आता तोंड उघडलं की गेलं."

आत्या जेवायची, पण ताटाकडं बघत. लीलाबाईंचा फोन वाजला की ती मोबाइल उशीखाली ठेवायची, आणि उशी थरथरताना आम्ही सगळे दुसरीकडं बघायचो. कॉलेजला जाताना क्रांती चौक टाळून लांबून जायची. स्कूटीवर स्कार्फ सगळ्याच बायका बांधतात, पण ही आता पार्किंगमध्ये पोचल्यावरही सोडत नव्हती.

एकदा भाजी निवडताना तिनं आपणहून सांगितलं, आणि मला वाटतं नकाशापेक्षा तिला हेच जास्त टोचत होतं. चिठ्ठ्यांनी निघालेल्या काही चौकटींत होडी शिरलीच नव्हती. गुडघाभर चिखलात तळ टेकायचा. सांडूमामा म्हणायचे, "म्याडम, पुढं नाय जात." आणि ही म्हणायची, "गवत असेल, सोडा." मग हनीफभाईंकडून त्यांच्या बदली दुसऱ्या चिठ्ठ्या. पलीकडं हिरवं दिसत होतं, ते तिनं गवतच धरलं. विचारलं नाही. "तलाव मला सांगत होता ग," ती म्हणाली, "की इथं मी नाय. आणि मी चिठ्ठी बदलली."

शनिवारी दुपारी मला राहवलं नाही. आई हसावी, घर जरा हलकं व्हावं, एवढाच हेतू. ओढणी खांद्यावर शालीसारखी घेतली, अर्धा सूर वर चढले आणि उद्याच्या मीटिंगचं भाषण करून दाखवलं. "बरं का मंडळी, ॲक्च्युअली काय झालं, आपल्याला मिळालेला नकाशा जुना होता. पाण्याच्या पातळीची माहिती वेळेत उपलब्ध झाली नाही. बेसिकली, प्रत्येक पद्धतीच्या काही मर्यादा असतात."

आई हसली. आत्या लाल झाली, मग पांढरी.

"तू दाराआडून ऐकलंस?"

"नाय."

"शब्दन् शब्द हेच पाठ करतेय मी सकाळपासून."

आईचं हसू बंद झालं. माझ्या खांद्यावरची ओढणी मला एकदम नको झाली. पण जीभ थांबली तर ती माझी कसली. म्हटलं, "मग पैज लाव. तू नकाशावरच ढकलणार. मला तुझा गळा माहितीय."

"नाय ढकलणार."

"ढकललंस तर?"

"तर तुला माझ्या वर्गात नेईन. सगळ्या पोरांसमोर कर माझी नक्कल. आणि नाय ढकललं तर वर्षभर बंद. घरात, दारात, कुठंच नाय."

लागली पैज.

रविवारी मी तिच्यासोबत गेले. शेडमध्ये जाळ्यांचे ढीग लागलेले होते, माणसं बिड्या विझवून आत येत होती. आत्याच्या हातात शालीची पिशवी. लीलाबाईंनी तिला खुर्ची दिली, ती बसली नाही.

"आकडा चुकलाय," ती म्हणाली. "अकरा नाय. साडेसहा आहे. दिवाळीला पाणी हटलं ती जमीन मी तलावात धरली. हरभरा आहे तिथं झिंगे मोजले."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग मागून सांडूमामा म्हणाले, "मंग औंदा आमचा हरभरा सोलताना संबाळून घ्यावं लागंल, मिशा टोचतील." शेड फुटलं. एकजण म्हणाला, म्याडम, बांधावरच्या बोरीला मासे लागलेत का तेवढं बघून जा. हसणं आटपायचं आणि नव्या कुणाला तरी काही सुचायचं. आत्या उभीच. तिचे कान इतके लाल झाले की मला माझ्या कानांना हात लावून बघावंसं वाटलं.

लीलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी हातानं सगळ्यांना गप्प केलं आणि हळूच वाट करून दिली. "तुमाला नकाशाच तसला दिला आसंल कुणीतरी. जुनं पान."

वाट अगदी सरळ होती, नुसतं व्हय म्हणायचं होतं.

"नकाशा बरोबर होता," आत्या म्हणाली. "भरल्या तलावाचा होता आणि तसं त्यावर लिहिलेलं होतं. पाणी किती उरलंय ते मी विचारलं नाय. सांडूभाऊ म्हणत होते होडी जात नाय, तरी विचारलं नाय. माझं चुकलं."

हा तिचा घरातला आवाज नव्हता आणि वर्गातलाही नव्हता. असा आवाज तिच्याकडं आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

लीलाबाईंनी साडेसहाचं निम्मं बोटांवर धरलं. "सव्वातीन. सव्वातीन झाले की जाळी वर. ज्याला पटत नाय त्यानं आत्ताच बोलावं." जवळजवळ निम्मी जाळी ढिगातून परत कोपऱ्यात गेली.

"मी पुन्हा मोजून देते," आत्या म्हणाली. "सुरुवातीपासून."

"नको बाई. आता तुमच्या आकड्याला पोरं हसतील. पुढल्या खेपेला दुसरं कुणी बघू. राग मानू नका."

"नाय," आत्या म्हणाली, आणि पिशवी पुढं केली. मला वाटलं होतं लीलाबाई ती परत करतील, असू द्या म्हणतील. त्यांनी शाल बाहेर काढली, झटकली, डाग आहे का बघितलं आणि कपाटात ठेवली.

शेजारच्या दोन संस्थांनी अजून आत्याला बोलावलेलं नाही. बोलावतील असं आमच्या घरात कुणी म्हणतही नाही.

परतीच्या एसटीत फुलंब्री येईपर्यंत ती खिडकीकडं तोंड करून होती. माझ्या गळ्यात तिचं ते "नकाशा बरोबर होता" तयार होत होतं. तो मधेच खाली उतरलेला सूर, "होता"वरचा तो कोरडा थांबा, सगळं. इतकं हुबेहूब मला कधी जमलं नव्हतं.

घरी दार बाबांनी उघडलं. आत्याकडं बघून विचारायचा धीर त्यांना झाला नाही, म्हणून मला विचारलं, "काय म्हणाली? करून दाखव."

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"हरले," म्हटलं.

"अगं, नुसता आवाज तरी. कसा होता?"

आत्या उंबऱ्यात वाकून चपलेचा बंद सोडत होती. मान वर न करताच म्हणाली, "पुढच्या फेब्रुवारीपर्यंत, दादा."