सुटा दोरा आणि पाणथळीतली डबी

माझी आत्या शिवणकाम करते. गिऱ्हाइकाच्या अंगावरचा सुटा दोरा हाताला लागला की बोलता बोलता कापून टाकते, माणूस ओळखीचा असो नसो. छोटी कात्री कायम गळ्यात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण ऑपरेशनचं नाव काढलं की अंगावर येते. "डोळ्यांवर पोट आहे माझं. त्यांना सुरी लावू देणार नाही." जन्म गेला कात्री चालवण्यात आणि सुरीची भीती! आणखी लांबवलं तर अवघड होईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी समजावून थकले. पालथ्या घड्यावर पाणी.

मला नाद जिओकॅशिंगचा. कुणीतरी एक डबी लपवतं, तिची जागा फोनवर कळवतं. आपण ती शोधायची, आतल्या कागदावर सही करायची आणि होती तिथे ठेवून द्यायची.

"म्हणजे सापडलेलं परत ठेवायचं? उद्योग नाहीत तुम्हाला," आत्या म्हणाली. तरी सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर पाणथळ उद्यानात आली.

लाकडी पायवाटेच्या मध्यावर आणून फोननं हात वर केले. डबी इथेच कुठेतरी होती. मी ओणवी होऊन फळ्यांखाली डोकावत होते, आत्या कठड्याखालून बोटं फिरवत होती.

"अगं, इथे कुणीतरी दोरा लोंबता ठेवलाय," ती म्हणाली आणि कात्री वाजली. पाठोपाठ खाली डुबुक.

डबी त्याच दोऱ्याला टांगलेली होती.

"आत्याऽऽ!" मी केवढ्यांदा किंचाळले!

तेवढ्यात लव्हाळ्यामागचं अख्खं तळंच उठलं. दुसरा शब्द सुचत नाही मला. इतके पक्षी तिथे बसले होते याचा पत्ताच नव्हता. पंखांचा वारा तोंडावर आला. सगळा थवा डोक्यावरून गेला, वळताना काळा झाला, पुन्हा वळला तेव्हा पांढरा लखलखला. डबी, फोन, सगळं विसरले मी.

आत्यानं माझा दंड घट्ट धरला. "कसला गं आवाज हा?"

"पक्षी! वर बघ ना!"

तिनं मान मागे टाकली. तोंड उघडंच राहिलं होतं. "कुठायत?"

"सगळीकडे, आत्या!"

"मला नुसतं धुकं हलताना दिसतंय."

तिनं माझा दंड हलवला. म्हणाली, "सांग तू मला."

मी सांगत राहिले. चादर झटकावी तसे सगळे एकदम वळतात, म्हणाले.

"एकमेकांत अडकत नाहीत?"

"नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"कोण शिकवतं गं यांना?" ती हलकेच म्हणाली.

पक्षी पुन्हा पाण्यावर उतरले. डबी लव्हाळ्यात अडकली होती. पालथी पडून मी ती काठीनं ओढून घेतली, सही केली. आत्यानं दोऱ्याला अशी गाठ मारली की आता ती वादळालाही सुटायची नाही. काम झालं होतं, पण ती जागची हलेना.

"हे इथेच असतात का कायम?"

"छे, पाहुणे आहेत. थंडी सरली की जातात."

तिनं चष्मा काढला, उगाचच पुसला, पुन्हा लावला आणि तळ्याकडे तोंड करून उभी राहिली.

"डॉक्टरांना विचार ना गं," ती म्हणाली. "हे जायच्या आत होईल का माझं ऑपरेशन?"